अप्रत्यक्ष पाटीमामा

पाटीमामा उंचीने इतके कमी होते की विमानतळाच्या आगमन कक्षात, कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या गर्दीत, ते दिसत नसत. दिसे तो त्यांचा हात. हात वर, हाताच्या टोकाला पाटी आणि पाटीवर कुणा दुसऱ्याचं नाव. बारा वर्षं त्यांनी तो हात वर धरला होता. घरी जेवायला बसले तरी उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वरच राही, आणि मामी म्हणत, "अहो, खाली करा तो. इथे कुणी उतरायचं नाहीये."

काम सांगायला सोपं होतं. लांबून, समुद्रापलीकडून माणूस येतो. पाय सुजलेले, कान बंद झालेले, मनगटावरचं घड्याळ दुसऱ्याच कुठल्या दिवसातलं. काचेचं दार उघडतं आणि समोर दोनशे अनोळखी चेहरे. त्या चेहऱ्यांत तो स्वतःचं नाव शोधत असतो. ते सापडेपर्यंत तो कुणीच नसतो. मामांनी पाटी वर धरली की तो पुन्हा कुणीतरी व्हायचा, हसायचा, आणि सगळ्यात जड बॅग मामांच्या हातात द्यायचा.

त्याआधी मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. न्हाव्याचं अक्षर वळणदार, दवाखान्याचं सरळ, किराणा दुकानाचं पोटात थोडं फुगलेलं, असा त्यांचा हिशेब असे. मग छापील फ्लेक्स आला आणि एका मोसमात सबंध रस्त्याने तोंड बदललं. मामांनी रंगवलेली शेवटची पाटी फ्लेक्स छापणाऱ्याच्याच दुकानाची होती. उद्घाटनाच्या दिवशी त्याचं यंत्र बिघडलं होतं.

पुढे विमानतळ आला. सगळ्यांना काम मिळेल असं सांगितलं गेलं होतं आणि मिळालंही. खोटं कशाला बोला. एकाला सामानाच्या गाड्या गोळा करायचं काम मिळालं आणि दुसऱ्याला गोळा झालेल्या गाड्या पुन्हा पांगवायचं. एकजण धावपट्टीवरची पाखरं फटाके वाजवून उडवी, एकजण न उडालेली पाखरं पोत्यात भरी. मामांच्या शेजारची सून दिवसभर कागदी रुमाल एका ठरावीक कोनात दुमडायची. तिची मान आता त्याच कोनात राहिली होती. आख्ख्या गल्लीत एकच माणूस घरी बसून असे. तो बहिरा झाला होता, आणि बहिरा तो विमानांजवळ काम करूनच झाला होता.

मामांचे मालक नऊ. दिवसभर फक्त पाटी धरायला एक माणूस ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं, म्हणून नऊ जणांनी मिळून एक मामा ठेवले होते. दोन हॉटेलं, तीन टॅक्सी कंपन्या, परदेशी रुग्ण आणणारं एक इस्पितळ, जहाजावर खलाशी पाठवणारं एक ऑफिस, एक प्रदर्शनवाले आणि एक भाषा शिकवणारी संस्था. प्रत्येकाची पाटी वेगळी, म्हणजे पत्रा तोच, पांढरा, हातभर लांब. फक्त कडेचा रंग वेगळा. एका हॉटेलची लाल, इस्पितळाची हिरवी, खलाशांची निळी. पावडरच्या रंगात थोडा डिंक घालून पाटीवर नाव लिहायचं, माणूस सापडला की ओल्या फडक्याने पुसायचं आणि पुढचं लिहायचं. दोन विमानं एकदम उतरली की मामा तीन पाट्या पत्त्यांसारख्या पसरून धरत.

अक्षराची उंची एक वीत. रेघ अंगठ्याएवढी. नाव ज्या लिपीतलं त्याच लिपीत, आणि त्यावरच्या-खालच्या सगळ्या चिन्हांसकट. यात मामा हट्टी होते. "नाव चुकलं की माणूस तुमच्या समोरून निघून जातो," ते म्हणत, "आणि मग जन्मभर समजतो की त्याला न्यायला कुणी आलंच नव्हतं."

कक्षातल्या चार नंबरच्या खांबाला टेकून त्यांची जागा होती. खांबाचा रंग तिथे कोपराच्या उंचीवर उडालेला होता. उडालेल्या जागेचा आकार मामांच्या कोपराचा होता. नोकरीचा एवढाच काय तो पुरावा.

*

सर्वेक्षणवाली मुलगी आली ती दुपारी, दोन विमानांच्या मधल्या सुस्त तासाला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर कॉलेज नुकतंच संपल्याचा उत्साह. विमानतळाला बारा वर्षं झाली म्हणून मोठा अहवाल निघणार होता: या विमानतळाने किती जणांना काम दिलं.

"काका, दोन मिनिटं देता?"

"घ्या की. सव्वातीनपर्यंत मोकळाच आहे."

"तुमचा रोजगार प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष?"

मामांनी स्वतःकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"प्रत्यक्षच की. हा काय तुमच्यापुढे उभा आहे."

"तसं नाही हो. तुम्हाला पगार विमानतळ देतो का?"

"विमानतळ कशाला देईल? हॉटेलवाले देतात, टॅक्सीवाले देतात."

"मग अप्रत्यक्ष."

"म्हणजे मी दिसत नाही?"

"दिसता हो काका. पण आकड्यांत अप्रत्यक्ष दिसता."

शेजारी हॉटेलच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. त्याला सगळे बातमीदार म्हणत, कारण कुठलीही बातमी त्याच्याकडून गेली की थोडी वजन वाढवूनच जाई. तो म्हणाला, "ताई, उंची बघून ठरवलंत की काय?"

मुलीने हसू दाबलं आणि पुढची चौकट उघडली. काम देणाऱ्याचं नाव. मामांनी पिशवीतून नऊ पाट्या काढून कठड्यावर मांडल्या. मुलीने पहिलं नाव भरलं, दुसरं भरायला गेली तर टॅब म्हणाला, एका माणसाला एकच मालक. तिने दोनतीनदा बोट आपटलं. टॅब आपल्या मतावर ठाम होता.

"एक सांगा ना काका. मुख्य कोण?"

"कसं सांगू? आठ जण नाराज होतील."

शेवटी तिनेच मार्ग काढला. प्रत्येक मालकाचा वेगळा अर्ज. म्हणजे नऊ अर्ज. तिने मामांना नऊ वेळा वय विचारलं आणि मामांनी नऊ वेळा एकच सांगितलं. सातव्या खेपेला बातमीदार म्हणाला, "मामा, एकदा तरी कमी सांगा. काय बिघडतंय?" शिक्षण नऊ वेळा, कुटुंबातली माणसं नऊ वेळा, "कामाबद्दल समाधानी आहात का" नऊ वेळा. आठव्या वेळेला मामा जरा थांबले. पण सव्वातीनचं विमान उतरलं होतं, म्हणून होय म्हणून टाकलं.

मामी घरी गणवेशांना इस्त्री करत. गाड्या हाकणाऱ्यांचे, झाडणाऱ्यांचे, दारावर उभ्या राहणाऱ्यांचे. विमानतळ त्यांना कॉलरवरून माहीत होता: कुणाची मानेजवळ मळते, कुणाची पुढून. दुसऱ्या दिवशी मुलगी तिथेही गेली आणि त्यांना तिसऱ्या प्रकारात घालून आली. रात्रीच्या जेवणाला मामींनी विचारलं,

"मी प्रेरित आहे म्हणे. प्रेरित रोजगार. मला कुणी प्रेरणा दिली हो? तुम्ही?"

"मी कशाला देऊ?"

"तेच म्हटलं. बारा वर्षांत दिली असती तर लक्षात राहिलं असतं."

*

महिन्याभराने कठड्यावर नोटीस लागली. आगमन कक्षाचं नूतनीकरण झालं असून येत्या एक तारखेपासून कठड्याजवळ केवळ प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांना, तेही कार्ड असल्यास, उभं राहता येईल. येणाऱ्यांची नावं भव्य पडद्यावर झळकतील. बाकीच्यांनी काचेबाहेर, गाड्या थांबतात त्या फुटपाथवर थांबावं.

मामांनी नोटीस दोनदा वाचली. पहिल्यांदा अक्षर पाहिलं, वाईट होतं. दुसऱ्यांदा मजकूर पाहिला.

काचेबाहेर म्हणजे काम संपलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. माणूस आपलं नाव दारातून बाहेर पडल्यावर पहिल्या वीस पावलांत शोधतो. त्या वीस पावलांत सापडलं नाही तर तो समोर येईल त्या टॅक्सीत बसतो आणि मालक विचारतात, मामा, तुम्ही होता कुठे? चार नंबरचा खांब गेला की मामा गेले.

नऊ मालकांपैकी एकाने "हा आमचा माणूस" असं पत्र दिलं तर कार्डाचं काही जमेल, असं दारावरचा पहारेकरी म्हणाला. मामा नऊ ठिकाणी जाऊन आले. हॉटेलवाले म्हणाले, मामा, तुम्ही तर इस्पितळाचे. इस्पितळवाले म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही टॅक्सीवाल्यांचे. टॅक्सीवाले तिघे होते, त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. भाषा शिकवणाऱ्या संस्थेने फार गोड बोलून, अगदी शुद्ध भाषेत, नाही म्हटलं.

मग मामा स्वच्छ शर्ट घालून जनसंपर्क साहेबांकडे गेले. साहेबांच्या खोलीत अहवालाची नवी कोरी प्रत ठेवली होती आणि भिंतीला पोस्टरची सुरळी टेकवलेली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट आकड्यात बसल्याशिवाय ऐकू येत नसे.

"साहेब, त्या सर्वेक्षणात मी नऊ वेळा आहे."

साहेबांनी उठून दार लावलं. "हळू बोला."

"माझं म्हणणं एवढंच, त्या नवांतल्या एकाला कार्ड द्या. बाकीचे आठ बाहेर उभे राहतील. त्यांची काही तक्रार नाही, मी विचारलंय."

"मामा, तुमच्या लक्षात येत नाहीये. एकाला कार्ड दिलं की तो प्रत्यक्षात आला. प्रत्यक्षात आला की त्याची फाइल झाली. फाइल झाली की बाकीचे आठ त्याच घरात, त्याच बायकोबरोबर राहतात हे बाहेर आलं." साहेबांनी आवाज आणखी उतरवला. "एकूण आकडा किती आलाय माहितीये? एक लाख तीन."

"त्यातून आठ गेले तर—"

"नव्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव. आणि हे छापून झालंय." साहेबांनी सुरळी थोडी उलगडली. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: एक लाख हातांना काम.

मामांनी अक्षरांकडे पाहिलं. ओळ डावीकडे कलली होती. ते मात्र दुसरंच बोलले.

"हातच मोजायचे असतील तर साहेब, मला दोन आहेत. पाटीला एक लागतो. दुसरा जमेला धरा."

साहेब खरोखरच क्षणभर छताकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मग त्यांनी मान हलवली. "नको. मग सगळ्यांचेच धरावे लागतील. दोन लाख झाले तर कोण विश्वास ठेवील?"

दाराशी त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. वर असलेल्या खांद्यावर, तो सोपा पडत होता. "तुम्ही आमच्या अहवालाचा कणा आहात, मामा. एवढं लक्षात ठेवा. आणि कुणाला सांगू नका."

*

एक तारखेला मामा फुटपाथवर उभे राहिले.

काचेला काळी झिलई होती. आतून बाहेरचं स्वच्छ दिसे. बाहेरून आत पाहिलं तर फक्त स्वतःचं तोंड. बारा वर्षांत पहिल्यांदाच मामांना पाटी धरलेला माणूस दिसला. बुटका, एक खांदा वर, आणि हातात कुणाचंतरी उलटं नाव. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. तोही कुणाची तरी वाट बघत होता.

पंधरा दिवसांत सात मालक गेले. त्यांची नावं पडद्यावर जात होती. पडदा मामांपेक्षा चौदापट मोठा होता, पगार मागत नव्हता आणि जड बॅग उचलत नव्हता. पण शेवटच्या गोष्टीची तक्रार प्रवाशांनी अजून केली नव्हती. उरलं लाल कडेचं हॉटेल आणि हिरव्या कडेचं इस्पितळ. तीही सवय म्हणून. मामांनी अक्षर दीड वीत केलं. मामी म्हणाल्या, "शर्ट मात्र रोज तोच कडक हवा. बाहेर उभं राहायचं म्हणजे लोकांना वाटेल, काढून टाकलं."

"काढून कसं टाकतील? घेतलंच कुठे होतं?"

मामींनी इस्त्री जरा जोरात टेकवली.

अहवालाच्या प्रकाशनाला परदेशातून एक तज्ज्ञ येणार होते. प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि प्रेरित ही सगळी मोजणी मुळात त्यांच्याच डोक्यातून निघालेली. त्यांचं आडनाव तेवीस अक्षरी होतं, आणि मधल्या एका स्वराच्या डोक्यावर दोन टिंबं होती. ते लाल कडेच्या हॉटेलात उतरणार होते, म्हणून हॉटेलने नेहमीप्रमाणे मामांना चिठ्ठी पाठवली. मामांनी सकाळी उठून, चष्मा लावून, अक्षर उभट आणि रेघ बारीक करून तेवीस अक्षरं एका ओळीत बसवली. टिंबं शेवटी दिली. एक दिलं, मागे सरून पाहिलं, मग दुसरं दिलं.

जनसंपर्क साहेब आत, पडद्याखाली, फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. विमान उतरलं. पडद्यावर नाव आलं. पहिली नऊ अक्षरं ठीक होती. टिंबांचा स्वर आला तसा पडद्याला तो ओळखता आला नाही. त्याने तिथे एक रिकामी चौकट काढली. मग बहुधा त्याचा धीर सुटला, कारण पुढची सगळी अक्षरंही चौकटी झाली, आणि थोड्या वेळाने मागचीही. तेवीस रिकाम्या खिडक्यांची एक इमारत पडद्यावर उभी राहिली आणि तिच्याखाली साहेब गुच्छ घेऊन हसत राहिले.

तज्ज्ञ दारातून बाहेर पडले. साहेबांकडे त्यांचा जो फोटो होता तो वीस वर्षांपूर्वीचा. त्यातले केस आता नव्हते. तज्ज्ञांनी पडद्याकडे पाहिलं, चौकटींकडे पाहिलं. कक्षाला एक फेरी मारली, मग दुसरी. साहेबांच्या समोरून दोनदा गेले. दुसऱ्या वेळी साहेबांनी "जरा बाजूला व्हा" असंही म्हटलं. तिसऱ्या फेरीला तज्ज्ञांचा चेहरा मामांनी बारा वर्षं पाहिलेल्या चेहऱ्यांसारखा झाला असणार. तो मामांना दिसला नाही, काचेत त्यांना स्वतःचाच दिसत होता. पण काचेच्या आतून तज्ज्ञांना बाहेरचं दिसलं: फुटपाथवर एक हात वर, हातात पाटी, पाटीवर दीड वीत उंचीचं त्यांचं नाव. टिंबांसकट.

ते जवळजवळ धावतच बाहेर आले. त्यांनी पाटीवरच्या टिंबांकडे बोट केलं आणि भरभर बोलू लागले. बातमीदार गाडी लावून शेजारीच होता. त्याला जगातली प्रत्येक भाषा थोडीथोडी येई, निदान तो तसं सांगे.

"मामा, ते म्हणतायत, तीस देश फिरलो, पण टिंबांसकट नाव कुणी लिहिलं नाही. टिंबं काढली की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ भोपळा होतो."

"खरंच असं म्हणाले?"

"भोपळा की दुधी ते नीट कळलं नाही. पण वेलावरचंच काहीतरी."

तेवढ्यात साहेब धापा टाकत आले. गुच्छातली दोन फुलं वाटेत पडली होती. तज्ज्ञांनी मामांकडे हात करून काही विचारलं. साहेब घाम पुसत म्हणाले, "अप्रत्यक्ष, सर. अप्रत्यक्ष." तज्ज्ञांनी मामांकडे निरखून पाहिलं, जसं वहीतल्या एखाद्या आकड्याला अचानक कान-नाक फुटलेले दिसावेत.

हे असं होतं बघा माणसाचं. कार्ड आता मिळेल असं मामांना वाटलं, आणि संध्याकाळी त्यांनी मामींनाही तसं सांगितलं.

प्रकाशनाच्या भाषणात तज्ज्ञ त्या पाटीबद्दल पाच मिनिटं बोलले. यंत्राला न जमलेलं एका हाताला जमलं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. ही पाटी जपून ठेवा, असंही म्हणाले. साहेबांनी ते शब्द लिहून घेतले आणि अक्षरशः पाळले.

आठवड्याने बातमीदार फुटपाथवर आला. "मामा, अभिनंदन! कार्ड मिळालं."

मामांचा हात खाली आला.

"तुम्हाला नाही. पाटीला."

आगमन कक्षात, चार नंबरच्या खांबापाशी, काचेची पेटी बसवली होती. वर दोन प्रखर दिवे. आत मामांची लाल कडेची पाटी, भाषणात दाखवायला म्हणून साहेबांनी मागून नेलेली. खाली पितळी पट्टी: *मानवी स्पर्श. पत्रा व रंग. अप्रत्यक्ष रोजगाराचा नमुना. कृपया हात लावू नये.* पेटी नेमकी तिथेच होती जिथे खांबाचा रंग उडाला होता. उडालेला रंग मात्र त्यांनी नीट भरून घेतला होता.

*

मामींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला शर्ट पूर्ण केला, घडी घातली, आणि मग म्हणाल्या, "पाटी आत आणि माणूस बाहेर. साहेबांना म्हणावं, मलाही इस्त्रीसकट ठेवा शेजारी. प्रेरित म्हणून." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "दिवे किती आहेत म्हणालात?"

"दोन. मोठे. असं बातमीदार म्हणतो, म्हणजे मध्यम असतील."

"अहो, आणि रंग तुमचा तोच ना? पुसायचा?"

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. बारा वर्षं त्यांनी पाट्या लिहून संध्याकाळी पुसल्या होत्या. एखादं नाव दुसऱ्या दिवशी टिकलं तर काय होतं, हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"मी दिवसभर तापलेल्या वस्तूजवळ बसते," मामी म्हणाल्या. "पंधरा दिवस टिकला तर मला सांगा."

अकराव्या दिवशी पाटीवरून दोन टिंबं गळून पडली. डिंक वाळून तडकला होता. टिंबं सगळ्यात शेवटी दिलेली, सगळ्यात जाड, म्हणून सगळ्यात आधी गेली. त्याच दुपारी तज्ज्ञांच्या देशातली एक सहल उतरली आणि पेटीसमोर उभी राहून पोट धरून हसली. एकाने फोटो काढला. जनसंपर्क साहेबांना तो फोटो चार ठिकाणांहून आला.

मामांना बोलावणं गेलं. गुरुवारी दुपारी, अभ्यागताचा पास, मुदत तीन तास. गुरुवारी दुपारी दोन मोठी विमानं पाठोपाठ उतरत. हे साहेबांना आठवायचं कारण नव्हतं, आणि मामांनी विसरायचं कारण नव्हतं. पहारेकऱ्याने पिशवी उघडली.

"यात एवढ्या पाट्या कशाला?"

"नमुने. रंग जुळवायला लागतात."

टिंबं द्यायला एक मिनिट लागलं. मग मामा चार नंबरच्या खांबाला टेकले. कोपर जुन्या जागी गेलं. नव्या रंगावर जरा घसरलं, मग बसलं. पहिलं विमान उतरलं तशी त्यांनी पिशवीतून हिरव्या कडेची पाटी काढली आणि हात वर केला.

पहारेकरी आला. "मामा, काम झालं ना?"

"रंग वाळतोय. वाळेपर्यंत इथून हलता येत नाही. धूळ बसली तर पुन्हा भोपळा होईल."

पहारेकऱ्याने भोपळ्याचा फोटो पाहिलेला होता. तो गेला.

त्या गुरुवारी इस्पितळाचे चारही रुग्ण पहिल्या वीस पावलांत सापडले. हे ऐकून खलाशांचं ऑफिस परत आलं. मग एक टॅक्सीवाला आला: फक्त गुरुवारपुरता.

आता उरलेल्या अक्षरांनाही तडे गेले होते, पुढच्या खेपेला सबंध ओळच पुन्हा लिहायची होती. मामा घरी बसून रंग कालवत होते आणि मामी डिंकाची वाटी धरून समोर.

"किती घालू?"

"दुकानाच्या पाटीला तेलरंग लागायचा, पंधरा वर्षं जायचा. इथे नेहमीचा चमचाभर डिंक घातला तर अकरा दिवस. अर्धा घाल."

"अर्ध्यात किती?"

"त्या दिव्यांखाली आठ. गुरुवार ते गुरुवार."

"चिमूटभरच घालते. तीन दिवसांत पडेल. आठवड्यातून दोनदा जाल."

"अगं, नको." मामांनी वाटी हातात घेतली. "तीनच दिवसांत पडलं तर ते छापून घेतील. आठ दिवसांनी पडलं तर म्हणतील, जुनी कला आहे, जपावी लागते."

मामींनी त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. "एवढं शहाणपण नऊ मालकांकडे गेलात तेव्हा कुठे होतं?"

"तेव्हा मला नोकरी हवी होती."

त्यांनी अर्धा चमचा मोजून घातला. पेंटर म्हणून उभ्या आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून कच्चा रंग कधी केला नव्हता. ब्रश फिरवताना हात किंचित थांबला, हे मामींना दिसलं. त्या इस्त्रीकडे वळल्या.

*

वर्षाने तीच मुलगी टॅब घेऊन आली. अहवाल आता दरवर्षी निघणार होता. मामा फुटपाथवर होते, काचेतल्या बुटक्या माणसाशेजारी. ओळख पटली तशी ती हसली.

"काका! अजून आहात? बोला, प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष?"

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग अप्रत्यक्ष. उद्या आलात तर प्रत्यक्ष लिहावं लागेल. उद्या मी आत असतो."

मुलीने टॅबवर पाहिलं. वाराची चौकट नव्हती. तिने थोडा विचार केला, आणि मागच्या वर्षीच्या अनुभवाने तिचा हात आता सैल झाला होता. जुने नऊ अर्ज तसेच ठेवून तिने आणखी एक उघडला.

"काम काय लिहू आतलं?"

"रंग वाळवतो," मामा म्हणाले.

तिने लिहिलं: कला-संवर्धक. मालक: विमानतळ. बातमीदार तिच्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "मामा, मागच्या साली नऊ होता, औंदा दहा. वाढताय की!"

पण मामांचं लक्ष नव्हतं. आतलं दार उघडल्याचा आवाज आला होता आणि उंच, वाकलेला, टोपी हातात धरलेला एक म्हातारा प्रवासी आतून बाहेर पाहत होता. निदान काचेपलीकडे तसं कुणी असणार, असं धरून मामांनी हात वर केला.